केळीची बाग आणि लागवडीची तिथी

(वरणगाव येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वरणगावी येऊन केळीवर बोलणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. तापीच्या दोन्ही काठांवर केळी लावण्यात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना मी केळी कशी लावावी हे सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आज एकाच प्रश्नाचा आपण मिळून विचार करू. आपले हवामान हे मुळात केळीचे हवामान नाही. तरीही ती येथे पिकते, आणि इतकी पिकते की 'जळगावची केळी' ह्या नावाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे कशामुळे घडते, आणि अलीकडे जे बिघडते आहे ते नेमके कोठे बिघडते?

केळी ही आग्नेय आशियातील दमट अरण्यांतली वनस्पती. तिला आपण झाड म्हणतो. परंतु ते झाड नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ती पानांच्या देठांची एकावर एक बसलेली गुंडाळी असते. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. मुळे उथळ, बहुतेक वरच्या हात-दीड हात मातीतच पसरणारी. पाने अशी रुंद की त्यांतून पाण्याचा व्यय सतत चालू राहावा. जेथे बाराही महिने पाऊस, ढगाळ आकाश आणि २७ ते ३० अंशांच्या आसपासचे तापमान असते तेथे अशी रचना शोभून दिसते. तापमान बारा अंशांच्या खाली गेले की तिची वाढ जवळपास थांबते, आणि ३८ अंशांच्या पुढे तिला उष्णता सोसत नाही.

आता आपल्याकडे पाहा. जळगाव जिल्ह्यात सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही जवळपास सगळा चार महिन्यांत. केळीला वर्षाकाठी बाराशे मिलिमीटरहून अधिक पाणी लागते आणि कोरड्या हवेत ही गरज दोन हजारांच्याही पुढे जाते. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, जानेवारीच्या काही रात्री तो आठ-दहा अंशांवर येतो. ज्या पिकाला ना अतिउष्णता सोसते ना थंडी, ते पीक आपण दोन्ही टोके गाठणाऱ्या प्रदेशात घेतो. वसईच्या समुद्रकाठच्या वाडीत राजेळीला जी दमट हवा फुकट मिळते ती येथे विकत घ्यावी लागते; पाण्याने, मशागतीने आणि अकलेने.

ही विकत घेण्याची रीत आपल्या वाडवडिलांना चांगली ठाऊक होती. पाच फूट बाय पाच फुटांवर लागवड केली की हेक्टरी सुमारे ४,४४४ झाडे बसतात. पाच-सहा महिन्यांत त्यांची पाने एकमेकांत मिसळतात, जमिनीवर सावली पडते, आणि बागेच्या आत एक वेगळेच हवामान तयार होते. मे महिन्याच्या भर दुपारी आपण बांधावरून बागेत शिरलो की अंगाला जो गारवा जाणवतो तेच ते हवामान. ते आपण निर्माण केलेले असते. आणि म्हणूनच बागेची कडेची ओळ नेहमी दुबळी असते. तिला एका बाजूने खानदेशचे हवामान आणि दुसऱ्या बाजूने बागेचे हवामान लागते.

ह्या कडेच्या ओळीवरून मी एक धडा शिकलो, तो सांगतो. मी कृषी खात्यात नवा होतो. पुस्तके पाठ होती. एका वयोवृद्ध बागायतदारांच्या शेतावर गेलो असता बागेच्या पश्चिमेला शेवरीची दाट दुहेरी ओळ दिसली. मी हिशेब मांडला: शेवरीने एवढी जागा अडवली, ती एवढे पाणी पिते, त्या जागी केळीची एवढी झाडे बसली असती. माणूस भला, सरकारी माणसाचा शब्द म्हणून त्यांनी शेवरी तोडली. पुढच्या मे महिन्यात पश्चिमेकडच्या उष्ण झळांनी कडेच्या तीन ओळींची पाने करपली आणि आतल्या ओळींतही घड उघडे पडून उन्हाने काळे झाले. मी पुन्हा गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साहेब, ती शेवरी नव्हती. ती बागेची भिंत होती." त्यानंतर मी कोणालाही शेवरी तोडायला सांगितले नाही. आज शेवरीच्या जागी गजराज गवत, बांबू किंवा हिरव्या जाळ्याही दिसतात. जाळी तात्काळ उभी राहते हा तिचा गुण. परंतु सजीव कुंपण हवेत ओलावाही सोडते. हा गुण जाळीत नाही. मात्र कुंपण लागवडीच्या बरोबरच, शक्य तर आधी, पेरावे लागते. एप्रिलमध्ये झळा लागल्यावर शेवरी पेरून उपयोग नसतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे दोन लागवडी चालत आल्या. जून-जुलैमधली मृगबाग आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली कांदेबाग. ह्या तिथी आपण परंपरा म्हणून पाळतो. परंतु ज्या केळीसाठी त्या ठरल्या ती केळी बसराई होती. कंदापासून लावलेली, मोकळ्या पाटपाण्यावर वाढलेली बसराई लागवडीपासून कापणीपर्यंत पंधरा ते अठरा महिने घेई. मृगात लावलेली बसराई साधारण पुढच्या उन्हाळ्यात निसवायची आणि तिचा घड पावसाळ्यातल्या मऊ, दमट हवेत भरायचा. म्हणजे झाडाच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ वर्षातल्या सर्वांत सौम्य ऋतूत येत असे. हा योगायोग मुळीच नव्हता. अनेक पिढ्यांच्या नुकसानीतून निघालेले ते गणित होते.

नव्वदच्या दशकापासून चित्र पालटले. ग्रँड नैन ही जात आली, ऊतिसंवर्धित रोपे आली, ठिबक आले, पाण्यातून खत देण्याची पद्धत आली. ही प्रगती खरीच आहे, आणि तिच्यात जळगावच्या उद्योगाचा, केळी संशोधन केंद्राचा आणि आपल्यासारख्या धाडसी शेतकऱ्यांचा वाटा मोठा आहे. झाड अकरा-बारा महिन्यांत कापणीला येऊ लागले, आणि सगळी बाग जवळपास एकाच वेळी निसवू लागली. परंतु झाडाचे घड्याळ बदलले तरी लागवडीची तिथी आपण तीच ठेवली. जूनमध्ये लावलेले ऊतिसंवर्धित रोप सात-आठ महिन्यांत निसवते; म्हणजे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान. त्याचा पहिला भाग नेमका कडाक्याच्या थंडीत सापडतो, आणि घड भरण्याचा काळ एप्रिल-मेच्या उन्हात. बसराईच्या काळात घड पावसाळ्यात वाढत असे. आता तो वैशाखात वाढतो. निसर्ग पूर्वीपेक्षा लहरी झाला आहे हे खरे, पण आपले सगळेच नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही. त्यातला काही भाग आपल्या तिथीचा आहे.

हे समजण्यासाठी झाडाच्या आत काय चालते ते पाहावे लागते. रोप लहान असते तेव्हा त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या पातळीलाच, कंदाच्या माथ्यावर असतो. वर आपल्याला चार हात उंच खोड दिसते, पण जीव खाली मातीत असतो. म्हणून त्या काळात हवेच्या तापमानाइतकेच मातीचे तापमान महत्त्वाचे. जमीन ओली आणि आच्छादित असेल तर वर ४४ अंश असले तरी कोंब सुखरूप राहतो. उघडी, कोरडी, भेगाळलेली काळी जमीन दुपारी हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. उसाचे पाचट, केळीची वाळलेली पाने, सोयाबीनचे भुसकट, जे हाती असेल ते झाडाच्या बुडाशी घालावे. पुष्कळ ठिकाणी केळीचा पालापाचोळा बांधावर पेटवलेला दिसतो. मग त्याच शेतकऱ्याने प्लॅस्टिकचे आच्छादन विकत आणलेले असते. ह्यावर मी अधिक बोलत नाही.

चार-पाच महिन्यांनी तोच कोंब पाने देणे थांबवून फुलोरा घडवू लागतो आणि खोडाच्या आतून वर सरकू लागतो. बाहेरून काहीही दिसत नाही. घडाला किती फण्या येणार ह्याचा निर्णय ह्याच वेळी, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याच्या दोन-तीन महिने आधी झालेला असतो. घड निसवल्यावर जो शेतकरी घाईने नत्राची मात्रा वाढवतो त्याला फण्या वाढवून मिळत नाहीत. फार तर फळ थोडे भरते. प्रत्येक झाडाला नत्र आणि पालाश प्रत्येकी २०० ग्रॅम अशी विद्यापीठाची शिफारस आहे. त्यातील नत्राचा मोठा भाग पहिल्या चार-पाच महिन्यांत आणि पालाशाचा मोठा भाग पुढे, घड भरताना, पोहोचला पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की केळफूल बाहेर आल्यावर झाडाला नवे पान येत नाही. त्या दिवशी जी बारा-चौदा निरोगी पाने उभी असतील त्यांनीच पुढचे तीन-साडेतीन महिने घड पोसायचा असतो. मग करपा म्हणजे सिगाटोका आला, वाऱ्याने पाने चिंधडली, झळांनी कडा जळल्या, की त्या हानीची भरपाई कोणतेही खत करीत नाही.

थंडीचे नुकसान ह्याच पायरीवर होते. रात्री तापमान दहा अंशांखाली राहू लागले की नवी पाने उशिरा आणि आखूड येतात. निसवणीच्या बेतात असलेले झाड थांबते. घडाचा दांडा पुरता लांबत नाही, आणि घड खोडाच्या तोंडाशीच अडकून पडतो किंवा बाजू फोडून बाहेर येतो. असा घड बाजारात उभा राहत नाही. फळ तयार असताना थंडी लागली तर सालीतला चीक गोठतो, आणि पिकल्यावर साल पिवळी होण्याऐवजी मळकट होते. ह्यावर उपाय आहेत, आणि ते महाग नाहीत. विहिरीचे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ओलीत रात्री किंवा पहाटे करावे. बागेभोवती ओलसर काडीकचऱ्याचा धूर करावा. बुडाशी निंबोळी पेंड द्यावी. घडावर सच्छिद्र पांढरी पिशवी घालावी. परंतु हे सगळे उपाय दोन-तीन अंशांचा फरक पाडतात. निसवण पौषात येणार अशी बाग लावून ठेवली असेल तर दोन-तीन अंश पुरत नाहीत.

मग काय, मृगबाग सोडून सर्वांनी कांदेबागच करावी? तसेही मी म्हणणार नाही. कांदेबागेत थंडी लागते ती लहान रोपाला. ते थबकते, पण मरत नाही. आणि लहान रोपाला जपणे मोठ्या बागेला जपण्यापेक्षा स्वस्त असते. मे महिना येतो तेव्हा झाड भर वाढीत असते, निसवण पावसाळ्याच्या तोंडाशी किंवा पावसाळ्यात होते, आणि घड बऱ्यापैकी सौम्य हवेत भरतो. हवामानाचा विचार करता मला कांदेबाग अधिक सुरक्षित वाटते. शिवाय हरण्या रोग, ज्याला आपण नुसते 'व्हायरस' म्हणतो, तो मृगाच्या कोवळ्या लागवडीवर अधिक पडतो. ढगाळ हवा, सततचा पाऊस आणि मावा किडीची वाढ हे त्याला पोषक असते, आणि काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो, चवळी ही त्याची आश्रयस्थाने आहेत. २०२० साली रावेर, यावल भागात किती रोपे उपटून फेकावी लागली ते आपण विसरलेला नाहीत. ज्यांनी मृगबागेत चार पैशांसाठी काकडी किंवा चवळी आंतरपीक म्हणून घेतली त्यांनी रोगाला घरात जागा दिली.

परंतु कांदेबागेला एक अट आहे. मे महिन्यात झाड मोठे असते आणि त्याला दिवसाला वीस लिटरांच्या आसपास, प्रसंगी त्याहून अधिक पाणी लागते. हेक्टरी ४,४४४ झाडांना हे रोजचे ८९ हजार लिटर होते. ज्यांच्या विहिरीला अक्षय्य तृतीयेनंतरही एवढे पाणी टिकते त्यांनीच ते करावे. आपल्या विहिरीची चैत्रातली ताकद ऑक्टोबरमध्ये, विहीर तुडुंब असताना, कोणाच्या ध्यानात राहत नाही. म्हणून तिची नोंद चैत्रातच करावी: पंप किती तास चालला, पाणी किती उतरले, पुन्हा किती वेळात चढले. एवढ्या तीन आकड्यांवर किती क्षेत्र लावायचे हे ठरते. बाजारभावावर ते ठरवू नये.

पाण्याचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर करतो. तापीच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा जो पट्टा आहे त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणाऱ्या नाल्यांचे पाणी तेथे जमिनीत मुरते आणि खालच्या गाळाच्या थरांना मिळते. यावल आणि रावेर तालुक्यांच्या केळीचे वैभव ह्या मुरलेल्या पाण्यावर उभे राहिले. आणि हेच तालुके भूजलाच्या शासकीय मूल्यांकनात अतिशोषित म्हणून नोंदले गेले. ठिबकमुळे एका एकराचे पाणी निश्चित वाचले. परंतु वाचलेल्या पाण्यावर आपण दुसरा एकर लावला. विहिरीच्या दृष्टीने बचत झालीच नाही. आपण तापीच्या दक्षिणेचे लोक. इथून जवळच हतनूरचे धरण, ४१ दरवाजांचे, १९८२ साली पूर्ण झालेले. त्यामुळे पाणी दिसते आणि मन निश्चिंत राहते. पण त्या धरणात गाळ किती साचला आहे हे आपण जाणता, आणि त्या पाण्यावर शहरांचा व कारखान्यांचाही हक्क आहे.

जमिनीविषयी दोन शब्द सांगतो. आपल्या काळ्या भारी जमिनी ओल धरतात हा गुण. पण ओल सोडत नाहीत हा दोष. केळीला वाफसा लागतो, चिखल नको. दोन दिवस बुडाशी पाणी साचले तर मुळे गुदमरतात, आणि पुढे महिनाभर झाड पिवळे दिसते. आपण त्याला खताची उणीव समजून आणखी खत देतो. भारी जमिनीत गादीवाफ्यावर लावावे, आणि दर काही ओळींनंतर चर ठेवावा. चुनखडी अधिक असेल तर नवी पाने लोह न मिळाल्याने फिकट पडतात. तेव्हा माती तपासल्याशिवाय लोहाच्या फवारण्यांवर खर्च करू नये. येथून पूर्वेला, पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणाच्या पट्ट्यात केळीची अशी बाग उभी राहत नाही, ह्यावरून आपल्या जमिनीची किंमत ओळखावी. बेवड हा शब्द नव्या पिढीला जुना वाटतो. केळीनंतर केळी, तीही पिलबागेसह, पाच-पाच वर्षे घेतलेल्या शेतात सूत्रकृमी वाढतात आणि कंद पोखरले जातात. मध्ये एकदा हरभरा, उडीद, मूग घ्यावा किंवा ताग पेरून गाडावा. एका हंगामाचे उत्पन्न बुडाले असे वाटते. पण ते पुढच्या घडांच्या वजनात परत मिळते.

वाऱ्याचे काय, असे आपण विचाराल. २०२१ च्या मे अखेरीस वादळाने रावेर, मुक्ताईनगर भागात कापणीला आलेल्या बागा एका संध्याकाळी आडव्या केल्या. तशा वाऱ्यापुढे शेवरीही टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथेही तिथीचा संबंध आहेच. मे-जूनच्या वादळी दिवसांत ज्या बागेत सर्वांत जड घड लटकलेले असतात ती मृगातली ऊतिसंवर्धित बाग असते. कांदेबाग त्या वेळी पानांवर असते. ती वाकते, पाने फाटतात, पण पुष्कळदा पुन्हा उभी राहते. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत थंडी, उष्णता, वेगाचा वारा आणि गारपीट हे केळीचे धोके धरलेले आहेत. मात्र थंडी-उष्णतेची भरपाई मंडळातल्या हवामान केंद्रावरील नोंदीनुसार मिळते, आपल्या शेतातल्या नुकसानीच्या पंचनाम्यानुसार नव्हे. केंद्र दूर असेल, किंवा ते उघड्यावर आणि आपले शेत नाल्याच्या खोलगट जागी असेल, तर त्याचा पारा आणि आपला पारा सारखा नसतो. थंड हवा खोलगट भागात साचते, हे आपण पहाटे शेतावर जाताना पायांनी अनुभवतो. अशा जागी मृगबाग लावू नये. विमा उतरवलाच पाहिजे, पण विम्याच्या भरवशावर तिथी ठरवू नये.

तर मग प्रत्यक्षात काय करावे? ज्याच्याकडे तीन-चार एकर केळी आहे त्याने ती सगळी एका आठवड्यात लावू नये. निम्मी ऑक्टोबरात, थोडी जूनमध्ये, आणि तीही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने लावावी. मजुरीचा ताण विभागतो, भावाचा धोका विभागतो, आणि एखाद्या थंडीच्या लाटेत किंवा वादळात सगळे एकदम जात नाही. लावताना हिशेब लागवडीच्या दिवसापासून पुढे करू नये. निसवण कोणत्या महिन्यात यावी हे आधी ठरवावे आणि तेथून सात-आठ महिने मागे यावे. मध्ये हिवाळा येत असेल तर आणखी महिना मागे यावे, कारण त्या महिन्यांत झाड फारसे वाढत नाही. अडचण अशी की रोपवाटिकेची रोपे आपल्या तिथीला मिळत नाहीत, तिच्या तिथीला मिळतात. त्यासाठी नोंदणी चार-पाच महिने आधी करावी लागते, आणि गावातल्या दहा-पंधरा जणांनी एकत्र केली तर रोपवाटिकेलाही आपली तिथी ऐकावी लागते.

माझ्याजवळ एक वही आहे. त्यात मी जेथे जेथे गेलो त्या बागांची लागवड, निसवण आणि कापणी ह्यांच्या तारखा लिहिल्या आहेत. तसे तीन रकाने आपण प्रत्येकाने आपल्या शेताचे ठेवावेत, आणि चौथ्या रकान्यात घडाचे सरासरी वजन लिहावे. चार-पाच वर्षांत वरणगावच्या शिवाराची तिथी वरणगावचे शेतकरीच ठरवू शकतील. रावेरची तिथी निराळी निघेल, चोपड्याची निराळी. आता उन्हे कलली आहेत. रस्त्यापलीकडच्या बागेत निसवलेली काही झाडे आहेत, आणि मालकांची परवानगी घेतलेली आहे. आपण तेथे जाऊ; एक खोड कापून त्यातला कोंब कोठवर चढला आहे तो आपणांस दाखवतो, आणि पुढचे प्रश्न तेथेच घेऊ.